अठरावर

यंत्र घेतलं त्या दिवसापासून
सेन्सिटिव्हिटी तेवीसवर.
जास्त म्हणजे चांगलं, हा आमच्या घरचा हिशोब.
लिंकनशरमधलं हे नुकतं नांगरलेलं शेत,
कुंपणाची विजेची तार, वरून जाणारं विमान,
खिशातला माझाच फोन,
यंत्र सगळ्यांना ओ देत सुटलं होतं.

ग्लेनिस म्हणाली, अठरा कर.
आणि लोखंड वगळू नकोस.
थर्मासच्या झाकणात तिचा चहा कधीचा गार.

मग तिने कॉइल वरखाली केली जमिनीवर,
विहिरीत पोहरा बुडवावा तशी,
चारदा, पाचदा.
"मातीचा स्वतःचा एक आवाज असतो.
तो आधी वजा कर. मग बाकीचं बघू."

सकाळभर खिळे.
नाल, साखळीची कडी, परत खिळा.
लोखंड घोगरं बोलतं, सर्दी झाल्यासारखं.
तीन महिने मी त्याचं तोंड बंद ठेवलं होतं
आणि शेत रिकामं आहे म्हणून सांगत फिरत होते.

दुपारी त्या घोगऱ्याच्या आडून
एक बारीक सूर.
जाताना नाही, फक्त परत येताना.
हात मंद केला.
काटकोनात वळून पुन्हा फिरवला.
होता.

वीतभर खाली खिळा, आणि त्याला टेकून
पितळी अंगुस्तान, एका बाजूने चेपलेलं.
कुणाचं, कधीचं, ग्लेनिसलाही सांगता येईना.
मी करंगळीत घालून पाहिलं.
बसलं नाही.

खड्डा बुजवला, ढेकूळ टाचेने दाबलं.
आकडा सतरावर आणला.
कुंपणापाशी अजून कुरकुरतंय.