मापाची वही

सोमवारी शाळा उघडते.
समाजमंदिरात मशीन लावलंय, आमच्या गटाकडे
एकेचाळीस ड्रेस. पंखा फिरतो, वारा येत नाही.
पोट्टे बनियनवर ओळीत उभे,
टेप लागली की गुदगुल्यांनी वाकतात.
"श्वास सोड गा. फुगू नको बेंडकावानी."

टिकेश्वर : खांदा बारा. गेल्या साली अकरा.
पँट घोट्याच्या वर चार बोटं चढलेली,
उन्हाळाभर तळ्यात पडून होता, अंगी लागलं.

खेमेंद्रच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज.
टेप उकळत्या पाण्यात टाकली, त्याच्या मायला म्हटलं,
याच्या एकट्याच्यानं नाही जमायचं,
घरातल्या साऱ्यांनी लावा मलम, एकाच राती,
गोधड्या उन्हात टाका. ऊन तर फुकटच आहे.

एकीची कॉलर मोजताना ऊ माझ्या मनगटावर आली.
एक पोट्टा "वळ" म्हटलं तरी वळेना.
समोर येऊन बोट फिरवलं, तेव्हा वळला.
कान वाहतो त्याचा, कधीचा.
गुरुजी वर्षभर त्याला अडेलतट्टू म्हणत होते.

मी काही नर्स नाही. सातवी नापास.
पण मानेपासून घोट्यापर्यंत
एकेका लेकराला इतका हात
जूनमध्ये दुसरं कोण लावतं?

मग ओमेश्वरी आली, कुंभऱ्यांची, चौथीत गेली.
छाती चोवीस.
वहीचं मागचं पान उलटलं : चोवीस.
खांदा दहा, दहा.
उंची तेवढी अर्ध्या बोटानं सरकलेली.
टेपच झिजली असेल म्हणून
लाकडी फुटपट्टीवर ताणून पाहिली.
टेप बरोबर होती.

तिची माय दारातूनच हसली,
"बरं झालं जी काकू, जुनाच ड्रेस चालते यंदा.
नवा राहू द्या पुढच्या सालासाठी."

मी काहीच बोलले नाही.
सिस्टरनं शिकवलं होतं तसं
अंगठ्यानं पोरीची खालची पापणी ओढली.
आत सोललेल्या शिंगाड्यागत पांढरं.
नखंही तशीच.
"धावली की धाप लागते?"
"धावतच नाई मी. मी पंच असतो."

उपकेंद्रात बाकावर तिघी बसलो.
बोट टोचलं तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत,
थेंब केवढा येतो ते पाहत राहिली.
हिमोग्लोबिन आठ.
जंताची गोळी सिस्टरसमोरच चावून खाल्ली, तोंड वाकडं करून.
लोहाची रोज एक, जेवल्यावर, चहासंगं नाही.
माय हळूच म्हणाली, मागच्या साली दिल्या होत्या,
पोरगी मळमळते म्हनून कोनाड्यात ठेवल्या.
कोनाडा अजून भरलेलाच.
रक्ताची दुसरी बाटली भंडाऱ्याला गेली, सिकलसेलसाठी.
रोवना लागायच्या आत कळेल, म्हणतात.
अजून कळलं नाही.

रात्री लाईट आली तशी मशीनवर बसले.
तिचा ड्रेस सव्वीसचा कापला.
घालायला चोवीसचा शिवला,
उरलेली सगळी माया आत दुमडली,
दोन्ही कुशींत, बाह्यांत, घेरालाही.
गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, कापड काय तुमच्या बापाचं आहे?
म्हटलं, कापा माझ्या मजुरीतून.

वहीत तिच्या नावापुढे
चोवीस, चोवीस,
आणि एक कोरं घर आखून ठेवलं.

सोमवारी सकाळी ती न्यायला आली.
घालून पाहिला, आतून जाड लागलं तशी
बोटं घालून चाचपत राहिली.
म्हटलं, दिवाळीत ये, उसवून देते.
"आन् आधीच उसवावं लागलं तं?"
"तर आधी ये."
जाता जाता दारात थांबली,
पुन्हा कुशीत बोट घालून
किती आहे ते
मोजत होती.