आमच्याकडेही मुंग्याच येतात

लाइपझिगच्या डॉक्टरीणबाईला मी एवढंच सांगू शकले:
हात. रात्र. मुंग्या.
बाकीचं जर्मन ऐन वेळी पळून गेलं.
वाटलं, आता ही माझा हात उलटा करून
चावल्याची खूण शोधणार.
तिनं लिहिता लिहिताच मान हलवली,
म्हणाली, आमच्याकडेही मुंग्याच येतात.
सत्तेचाळिसाव्या वर्षी, परक्या गावात,
मला तेवढ्यावर रडू आलं.
निदान ऐकून नाही आलं.

मग ते नळकांडं.
घाबरलात तर दाबा म्हणून मुठीत रबरी फुगा,
कानात बोळे, आणि आत
खटक खटक खटक, घर्र, परत खटक.
मी थेट अशोक चौकाच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये,
सुताच्या पोत्यावर, पाच वर्षांची.
वडील रातपाळीला.
माग चालू तोवर आम्ही पोरं गाढ,
माग थांबला की दचकून जागी:
धागा तुटला का, वीज गेली का, वडील पडले का.
मशीन बंद झालं तेव्हाच डोळे उघडले.
तिथला पोरगा म्हणाला, इथं कुणी झोपत नाही.
मी म्हटलं, राजेशम कुरापाटींची मुलगी झोपते.
मराठीत म्हटलं. त्याला काय कळणार.

नसांवरचं वेष्टण झिजतंय म्हणाले,
वायरवरचं रबर झिजतं तसं.
बरं होणार नाही, पण सांभाळता येईल.
मी ट्राममधून घरी आले, भात लावला,
आणि भावाला फोनवर म्हणाले, थोडा अशक्तपणा आहे.
थोडा अशक्तपणा
तीन वर्षं पुरवला.

आता मे. सोलापूर. चव्वेचाळीस.
पुतणीचं लग्न, म्हणून आलेच.
माझी इंजेक्शनं फ्रीजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी,
डब्यावर वहिनीच्या अक्षरात:
अक्काचं आहे, कुणी हात लावू नका.
लाइट गेली की घरातले सगळे
आधी फ्रीजकडे बघतात, मग माझ्याकडे.

चौडम्मा मावशी म्हणाली, तिकडची थंडी बाधली गं तुला.
थंडी नाही मावशी,
मला ऊन बाधतं.
हेच. आपलं.
ज्यात अनवाणी बर्फाच्या गोळ्यासाठी धावत होते ते.

काल हट्टानं एकटी गेले साडीला फॉल लावून आणायला.
कन्ना चौकात रिक्षातून उतरले
आणि चौकाचे दोन चौक झाले.
दोन रसवंत्या, दोन नंदी, दोन्हीकडून येणारी एकच बस.
डावा पाय चपलेत राहिला, मी पुढे.
रसवाल्यानं न विचारता स्टूल दिलं.
दारू प्यायलेली बाई बघावी तसं
एका म्हाताऱ्यानं बघितलं, आणि
खरं सांगू का, मला हसू आलं.

भाऊ स्कूटरवर आला. तोंड लाल.
बस की गं अक्का गप, उन्हात कशाला मरायला आलीस,
आणि लगेच गप्प, मरायला या शब्दावर.
घरी नेलं, कूलरपुढे बसवलं.
मग पहिल्यांदाच विचारलं: नाव काय त्याचं?
मी सांगितलं.
त्यानं दोनदा म्हणून बघितलं, जीभ अडखळली,
पाहुण्याचं आडनाव पाठ करावं तसं.

तिकडे मला थंड ठेवणारं जाकीट घ्या म्हणाले होते,
किंमत बघून मी पान मिटलं होतं.
भावानं माठातल्या पाण्यात टॉवेल बुडवला,
पिळला, माझ्या मानेवर टाकला.
हळूहळू भिंतीवरच्या दोन कॅलेंडरांचं
एक झालं.
कारखान्यातला का रे?
सेकंड आहे, म्हणाला, कडेला धागा सुटलाय.
चांगला माल बाहेर जातो,
सेकंडचे आम्ही घरात ठेवतो.

बघता बघता टॉवेल कोमट झाला.
तो उठला, परत भिजवून आणला.