गव्हर्नरसाहेबांचं तोंड

मी कोबिना एसिलफी. सव्वीस वर्षं
पाच गव्हर्नरांचं तोंड होतो.
पगार महिना सहा पौंड, आणि वर्षाला
एक खाकी कोट, ज्याच्या बाह्या
नेहमी दुसऱ्याच कुणाच्या मापाच्या.

त्यातले सर ऑब्री पेलहॅम जास्त आठवतात.
वाईट माणूस नव्हते. खोकल्यावर मध घ्यायचे,
कारकुनांच्या मुलांची नावं विसरायचे
आणि पुन्हा विचारायचे.
डोक्यावर हंसाच्या पिसांची टोपी.
आमच्या दमट हवेत पिसं चिकटून बसायची
भिजल्या कोंबडीसारखी;
परेडच्या आधी अर्धा तास माझा भाचा
किटलीच्या वाफेवर ती फुलवायचा.

त्या मार्चमध्ये प्रा नदीवरचा पूल उघडायला गेलो.
फीत, कात्री, बँड,
शाळेची पोरं तीन तास उन्हात.
फीत कापून झाली. नाना ओत्सिबू छत्रीखालून हलले नाहीत.
उठला त्यांचा ओक्येआमे, ग्यासी,
कारण आमच्यात राजा थेट बोलत नाही,
त्याचा शब्द दुसऱ्याच्या जिभेवरून खाली उतरतो.
ग्यासीच्या हातात सोन्याच्या वर्खाची काठी,
टोकाला कोरलेली दोन माणसं, मध्ये ताट:
जेवण ज्याचं त्याचं, भुकेल्याचं नव्हे.

ग्यासी म्हणाला, नाना विचारतात,
केप कोस्टच्या तुरुंगात आमचा एक पोरगा आहे, एको.
कोकोच्या वजनावरून भांडण झालं.
काटा खोटा होता,
कोयता खरा.
त्याचा जीव या पाहुण्याच्या लेखणीत आहे असं ऐकतो.
तिथून तो काढता येईल का?

मी इंग्रजीत सांगितलं. जीव म्हणालो, लेखणी म्हणालो.
काटा म्हणालो तेव्हा कमिशनर खाकरले.

साहेब म्हणाले, या प्रकरणाचा
कौन्सिलमध्ये यथोचित विचार होईल.

यथोचित. हा शब्द फान्तेत नेताना
दर वेळी वाटेत सांडतो.
मी म्हणालो, ते विचार करतील.
ग्यासीने विचारलं, स्वतः?

मग काठीवर भार टाकून तो पुढे झुकला
आणि नानांकडे न बघता बोलला,
स्वतःच्या जिभेने, आयुष्यात एकदाच:
म्हणजे हाही माझ्यासारखाच.
ओक्येआमे. फक्त काठी नाही.
माझा राजा निदान शेजारी बसलाय,
चुकलो तर घोट्याला पाय लावतो.
याच्या राजाला कोण सांगतं
तुझ्या नावाने इथे काय बोललं गेलं?

साहेबांनी विचारलं, काय म्हणतोय?
पुलाबद्दल आभार मानतोय, सर.

अठरा दिवसांनी फाईल आली.
मी टेबलाशी उभा, कारण त्यानंतर
फळांच्या प्रदर्शनाचं भाषण घ्यायचं होतं.
साहेबांनी चष्मा पुसला. एकोच्या नावात
एक अक्षर चुकलं होतं; ते मात्र
कारकुनाला बोलावून नीट करून घेतलं.
सही केली. टिपकागद दाबला.
टिपकागदावर सही उलटी उमटली.
मग म्हणाले, अननसाला पहिलं बक्षीस
साधारण कितीचं देतात इथे?

पुढच्या साली त्यांची बदली झाली
कुठल्याशा थंड बेटावर,
जिथे म्हणे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त.
बोटीवर चढताना माझा हात हातात घेतला:
एसिलफी, तुझ्याशिवाय मी मुका होतो.
त्या वाक्याचं भाषांतर मी रात्रभर करून पाहिलं.

ग्यासी वारला तेव्हा गेलो होतो.
पुलावरूनच. दुसरा रस्ता राहिला नव्हता.
एकोच्या आईने पाणी दिलं, काही विचारलं नाही.
तिला अजून वाटतं, त्या दिवशी
शब्द माझ्या तोंडात अडकला.
आणि मला तिला सांगवत नाही
की नाही, बाई, पोचला होता तो.
पुरता. एक अक्षर न सांडता.