तीस हजार फेऱ्या

कोफूमध्ये रात्री दोन वाजता
होसाका चिझुरू आकडे बघत बसलीय.
व्होल्टेज चढतं, उतरतं,
कुणी जिन्यावर उगाच वरखाली करावं तसं.
एकवीस हजार चारशे सहा.
सात.

तिचे वडील इथेच, स्टेशनामागच्या गल्लीत,
प्लॅटिनमच्या अंगठ्या घासायचे.
संध्याकाळी एप्रनसुद्धा कागदावर झटकायचे,
कीस वाया जाता कामा नये.
‘हा धातू मरत नाही,’ म्हणायचे.

मरतो, बाबा.
अंगठीत तो नुसता बसून असतो.
इथे ऑक्सिजन धरायचा, तोडायचा, त्याचं पाणी करायचं,
हात पुन्हा मोकळे, पुन्हा तेच.
लहान कण विरघळतात
आणि मोठ्यांच्या अंगी लागतात.
ज्यावर उभे, तो कोळसाही
खालून खंगत जातो.

यंदा तिने जमीनच बदलली:
कोळशाऐवजी कथलाचा ऑक्साइड.
परवाच्या नमुन्यात ठिपके अजून सुटे सुटे,
ताटात तीळ निवडायला घ्यावेत तसे.

हुरळायचं नाही.
गेल्या खेपेला पंचवीस हजारांवर सगळं बसलं होतं.

थर्मासमधला बार्लीचा चहा कोमट झालाय.
एकवीस हजार चारशे एकोणीस.
ती एप्रन काढते,
आणि खुंटीला लावण्याआधी
टेबलावरच्या कोऱ्या कागदावर
झटकते.