दगडाचा मूळ रंग

हुतात्मा चौकात जमिनीतून वर आले
सरकत्या जिन्यानं, पिशवी पोटाशी धरून,
आणि तोंड कुठल्या दिशेला आहे तेच कळेना.
एकतीस वर्षं इथे नोकरी केलेली मी
एका पोराला विचारते, बाळा, फोर्ट कुठेशी आला?
तो म्हणाला, आजी, तुम्ही फोर्टातच उभ्या आहात.

काम अर्ध्या तासाचं. हयातीचा दाखला.
आपण जिवंत आहोत असं दर नोव्हेंबरात लिहून द्यायचं
आणि काउंटरवरच्या मुलीनं ते मान्य करायचं.
तिनं केलं.
अकरा वीस झाले होते. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं.

म्हणून निघाले आमच्या ऑफिसच्या गल्लीनं.
तेव्हाची गल्ली म्हणजे
हातगाड्या, टॅक्स्यांचा धूर, झेरॉक्सचा उबट वास,
आणि मस्टरवर लाल रेघ पडायच्या आत
खाली मान घालून धावणाऱ्या आम्ही.
परततानाही मान खालीच,
कारण फुटपाथ ही चालायची नव्हे, चुकवायची गोष्ट होती.
सातनंतर तिथे कुत्रीसुद्धा थांबत नसत.

आता गाड्या नाहीत. झाडाच्या बुंध्याला वेढून बाक.
फरसबंदी इतकी सपाट
की माझा गुडघा खड्डा येईल, खड्डा येईल म्हणत
जपून जपून पडत राहिला
आणि खड्डा आलाच नाही.

आमची इमारत काळी होती.
काळी म्हणजे जन्मतः काळी, असंच मी धरून चालले होते,
जसं कुणी घारं असतं, कुणी बुटकं.
ती पिवळी निघाली!
शिजल्या चणाडाळीच्या रंगाची.
परांचीवर एक माणूस बसलेला,
हातात दात घासायचा ब्रश. शपथेवर सांगते.
दशरथ धोत्रे, त्यानं नाव सांगितलं.
मी म्हटलं, रंग छान दिलात.
तर तो हसला. काकू, दगड मालाडचा. रंग त्याचाच.
आम्ही फक्त धूर काढला.

दारावरच्या कमानीत एक चेहरा. बाईचा.
नाकाचा टवका उडालेला, तरी तोरा कायम,
अगदी आमच्या मिस डिमेलोसारखा.
एकतीस वर्षं, वर्षाला दोनशे ऐंशी दिवस, जाऊन येऊन दोनदा :
सतरा हजार तीनशे साठ वेळा मी हिच्या खालून गेले.
पैशापैशाचा ताळा जमवणारी मी,
ही बेरीज आज पहिल्यांदा मांडली.

तळमजल्यावर, आमचं डिस्पॅच होतं तिथे, कॉफीचं दुकान.
कॉफी तीनशे वीस. माझा पहिला पगार तीनशे पंच्याऐंशी.
रागवायचं ठरवूनच काचेतून आत पाहिलं.
खोपकरसाहेबांच्या टेबलाच्या जागी
दोन मुली खुर्चीत पाय वर घेऊन
कशावर तरी खदखदून हसत होत्या.
या इमारतीत इतक्या मोठ्यानं कुणी हसल्याचं
मला तरी आठवत नाही.
राग कुठे ठेवावा ते सुचेना.

कोपऱ्यावरच्या कमानीखाली पेडामकर बसायचा,
टाइपरायटर, कार्बन, आणि ओल्या स्पंजची डबी घेऊन.
कुठे गेला, म्हणून पानवाल्याला विचारलं,
पहारेकऱ्याला विचारलं.
कोण पेडामकर?
त्याच्या बसायच्या जागेची फरशी मात्र
फार सुंदर घासली आहे.

जाताना धोत्रेनं हाक मारली.
खिडकीखाली हाताएवढा एक चौकोन त्यानं तसाच ठेवला होता,
काळा. नमुना म्हणून, साहेबांना दाखवायला.
मी त्यावर अंगठा टेकवला.
आमच्या सगळ्यांचा धूर,
जरा चिकट, जरा गार.
रुमाल होता पिशवीत. काढला नाही.

मग निघाले, मान वर करून.
सज्जे, कंगोरे, एक दगडी पोपट, तिसऱ्या मजल्यावर
कुणीतरी वाळत घातलेला हिरवा टॉवेल.
चौकापर्यंत तिघांना धडकले.