निळा की करडा

प्रेस्टनला आलो त्या वर्षी
मला कुणी काही शिकवलं नाही.
मी पडद्याआडून बघायचो.

समोरचे एंटविसल
गुरुवारी रात्री साडेनऊला
सपाता फरफटत बाहेर यायचे,
कचऱ्याचा डबा ओढत न्यायचे कडेपर्यंत
आणि त्याची दांडी रस्त्याकडे वळवायचे.
त्यांचा निळा, तर माझा निळा.
त्यांचा करडा, तर करडा.
दांडी रस्त्याकडे.

बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणणं,
दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर पडला
की आपणच सॉरी म्हणणं,
आणि हवेचा विषय निघाला की
मान किंचित तिरकी, ओठ आत ओढलेले,
हे सगळं त्यांचंच.
ओठांचं मला कळलंही नव्हतं,
धाकट्या भावाच्या लग्नाचे फोटो येईपर्यंत.
इचलकरंजीतला मांडव, सगळे दात दाखवून हसतायत,
मध्ये मी.
आईनं फोनवर विचारलं, हा कोण रे उभा आहे?

मार्चमध्ये विनिफ्रेडबाई गेल्या.
त्या गुरुवारी एंटविसल उशिरा बाहेर आले,
करडा डबा घेऊन.
वार निळ्याचा होता.
तक्ता माझ्या फ्रिजवर होता, मला वाचता येतो.
मी करडा काढला.

सकाळी अख्ख्या गल्लीत करडे.
गाडी आली, जरा हळू झाली, गेली.
पंधरा दिवस झाकणं नीट बसत नव्हती,
कुणी कुणाला काही बोललं नाही.

जूनमध्ये फाटकाशी भेटले.
म्हणाले, डब्यांचं सगळं विनी बघायची,
मला ती हाक मारून सांगायची.
आता तुमचा बघून काढतो.
मान तिरकी. ओठ आत.
हवेचा विषय नव्हता.

तेव्हापासून गुरुवारी साडेनऊला
समोरासमोर दोन पडदे हलतात
आणि कुणीच बाहेर येत नाही.

काल पावणेदहा वाजले.
दार वाजलं म्हणून बघतो तर
आमची मृण्मयी, वय वर्षं सात,
पायात माझ्या सपाता,
डब्याच्या झाकणाएवढी उंची,
फरफटत निघालेली.
कडेला थांबली. दांडी वळवली.
मग मान तिरकी करून
आभाळाकडे बघितलं एकदा,
ओठ आत ओढून.

डबा कोणता होता
ते मी बघितलंच नाही.
समोरचं दार उघडलं होतं.