शेरा

वरळीला रात्रपाळी. बोअर क्रमांक सतरा.
मुस्तकीम पाइप तिरका धरून हातोडीने हलके ठोके देतो
आणि दगड घसरत बाहेर येतो, ओला, कोमट,
चोपन्न मिलिमीटर जाडीचा.
आम्ही याला गाभा म्हणतो. म्हणायचं आपलं.

खरा गाभा सुरू होतो एकोणतीसशे किलोमीटर खाली.
आधी वितळलेलं लोखंड, मग त्याच्याही आत
निव्वळ दाबामुळे घट्ट राहिलेलं लोखंड,
जिथे अजून कुणी नारळ फोडलेला नाही.
आमचं भोक छत्तीस मीटरवर थांबणार.
कवच छत्तीस किलोमीटरचं धरलं तर हजारातला एक भाग.
कांदा सोलायचं सोडा,
सालीवरची माती तेवढी पुसली.

मी खोक्यात तुकडे मांडते, फूटपट्टी लावते.
भराव सहा मीटर: विटा, शिंपले, चपलेचा अंगठा.
मग पिवळट मुरूम, एकेकाळचा दगडच,
आता चिमटीत कुस्करतो.
मग बेसॉल्ट. काळा, बारीक, मुका.
त्यात पांढरे ठिपके. आम्लाचा थेंब टाकला
की फसफसतो तो कॅल्साइट.
जी ढिम्म राहते, वर चाकूचंच टोक झिजवते, ती गारगोटी.
आणि क्वचित एखादा हिरवट.
तो दिसला की माझं मोजमाप चुकतं.

अप्पा कांदिवलीच्या खाणीत होते. दुर्गप्पा सुरुंगवाला.
सुट्टीच्या दिवशी चाळीतल्या पाट्यांना टाकी लावून द्यायचे.
लाव्हा निवताना वाफेचे बुडबुडे आत अडकले,
पोकळीत पाणी झिरपलं,
पाण्याने बसून बसून स्फटिक विणले,
हे मला कॉलेजात कळलं.
अप्पा म्हणायचे, दगड गाभण राहतो.
कुठला, ते ठोक्याच्या आवाजावरून सांगायचे.
हिरव्या द्राक्षांचा एक दगडी घड, वाटीएवढा,
कुणी शेठ पस्तीस रुपयांना घेऊन गेला.
पुढे तसाच एक मी काचेआड पाहिला.
किंमत विचारली नाही.

एकतीस मीटर चाळीस. दगड बदलला.
पानापानांचा शेल. हा आगीचा नव्हे, चिखलाचा.
दोन लाव्हांच्या मधे जी सवड मिळाली
तेवढ्यात इथे तळं साचलं,
कुणी राहायला आलं.
भिंगाखाली मांडीचं हाड, तांदळाच्या कणीएवढं.
शेजारी दुसरं. वर कणा,
घाईत घातलेल्या टाक्यांसारखा.

कोठावळे साहेब म्हणाले, थर कमकुवत आहे,
नेमका बोगद्याच्या माथ्यावर येतोय. जाडी लिहा.
त्यांचं बरोबर आहे. त्याखाली माणसं उभी राहणार.
पंधरा सेंटिमीटर, मी लिहिलं.

अडीच वाजता अप्पांना फोन लावला.
खोकल्यामुळे ते जागेच असतात.
अप्पा, दगडात बेडूक सापडला.
ते म्हणाले, जिवंत होता?

साडेसहा कोटी वर्षं, अप्पा,
असं काहीतरी माझ्या ओठांवर आलं होतं.
पण ते सांगू लागले होते:
ब्याऐंशी साली आम्हाला मिळाला,
सुरुंग उडाला, धोंडा दुभंगला, आत ओंजळभर पाणी,
आणि हा बसलेला.
हणमंतूने हात पुढे केला तर टुणकन
पोईसरच्या नाल्याकडे.
भेगेतून शिरला असेल, हे मी म्हटलं नाही.
विचारलं, रंग कसला होता?

बराच वेळ नुसता खोकला.
मग म्हणाले, दगडाचाच की.

तक्त्यात रकाने ठरलेले: रंग, दर्जा, भेगा, पाणी.
शेवटचा शेऱ्याचा. तो बहुतेक रिकामाच जातो.
बेडूक, एक, असं लिहून
मी खोक्याला झाकण लावलं, पुन्हा काढलं,
तुकड्याखाली फडकं घातलं.
मुस्तकीमने पुढचा पाइप जोडला होता.